प्रोग्रॅम डेव्हलपमेंटमधला असिस्टंट प्रोड्यूसर दिवसभर काय करतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे : पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी झाली आहे, दोन वर्षं सांगली-मिरज भागात स्थानिक वाहिनीसाठी शूट आणि एडिट केलं आहे, आणि आता मुंबईतल्या एका निर्मिती संस्थेनं डेव्हलपमेंट विभागात असिस्टंट प्रोड्यूसरच्या जागेसाठी मुलाखतीला बोलावलं आहे. या कामात नेमकं काय करावं लागतं, तयारी कशी करायची, आणि सांगली-साताऱ्याच्या माणसाला तिथे काही वेगळं देता येतं का?

आधी कामाची हद्द समजून घ्या, कारण 'एपी' (असिस्टंट प्रोड्यूसर) हा एकच हुद्दा दोन अगदी वेगळ्या कामांना लावतात. प्रॉडक्शनमधला एपी मंजूर झालेला कार्यक्रम पार पाडतो : कॉल शीट (कुणी कधी, कुठे यायचं याचा कागद), गाड्या, तारखा, मेमरी कार्ड, रोजचा खर्च. वाई, मेणवली, फलटण, सातारा या पट्ट्यात मालिकांची जी चित्रीकरणं होतात, तिथे तुम्हाला दिसणारी माणसं या वर्गातली. डेव्हलपमेंटच्या एपीकडे मंजूर झालेलं काहीच नसतं. त्याच्या टेबलावरून बाहेर पडतात ते एक-दोन पानी टिपण, माणसांची यादी, दोन-तीन मिनिटांचा टेस्टर (कार्यक्रमाचा नमुना दाखवणारी छोटी फिल्म) आणि खर्चाचा अंदाज. हे घेऊन त्याचा वरिष्ठ वाहिनीकडे जातो. लहान संस्थेत रिसर्चर, एपी आणि डेव्हलपमेंट प्रोड्यूसर ही तिन्ही कामं एकाच माणसाच्या गळ्यात पडतात, हे गृहीत धरून जा.

कल्पना सुचणं हा यातला फार लहान भाग आहे. कल्पना ड्रायव्हरपासून मालकापर्यंत सगळ्यांकडे असतात. एपीला पगार मिळतो तो त्यातली कोणती खरोखर करता येईल हे शोधून, पुराव्यानिशी दाखवण्यासाठी. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं काम आपोआप जागेवर येतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत चालवून पाहू. समजा कोणी म्हणालं, 'तासगावच्या बेदाण्यावर काहीतरी करूया.' हा विषय झाला, कार्यक्रम नाही. विषयाचा कार्यक्रम व्हायला कुणाला तरी काहीतरी हवं असावं लागतं, ते मिळेल की नाही याची खात्री नसावी लागते, आणि निकाल लागायची वेळ ठरलेली असावी लागते. बेदाण्यात हे सगळं आहे. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरली की वाळायला साधारण दोन आठवडे लागतात. चार किलो द्राक्षांचा जेमतेम किलोभर बेदाणा होतो. त्या दोन आठवड्यांत अवकाळी पाऊस आला, हवा दमट झाली, तर माल काळा पडतो आणि भाव कोसळतो. मग माल सौद्याला, म्हणजे बाजार समितीतल्या लिलावाला, जातो आणि वर्षभराच्या मेहनतीची किंमत काही मिनिटांत ठरते. आता आपल्या हातात एक भाग आहे : एक घर, एक शेड, एक सौदा.

पण वाहिनी एक भाग विकत घेत नाही. तेरा भागांची मालिका मागते, म्हणून पुढचा प्रश्न लगेच विचारायचा : तेराव्या भागात काय? कागद घेऊन मांडा. बेदाणा, सांगलीची हळद, लोणंदचा कांदा, आटपाडीचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार, कोरेगावचा वाघ्या घेवडा, साताऱ्याचं आलं, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, कोल्हापूरचा गूळ. आठ झाले. नववा म्हणून लासलगाव लिहिलंत की तुम्ही अडकलात, कारण लोणंदचा कांदा दाखवल्यावर लासलगावचा कांदा हा वेगळा भाग होत नाही, फक्त वेगळं गाव होतं. बहुतेक चांगल्या कल्पना इथेच मरतात, आणि वाहिनीच्या खोलीत मरण्यापेक्षा तुमच्या कागदावर मेलेल्या बऱ्या. उपाय असतो : जिन्नस बदलण्याऐवजी नजर बदलायची. एका भागात शेतकरी, एकात अडत्या, एकात हमाल, एकात तोलाईदार, एकात कोल्ड स्टोरेजचा मालक. तोच बाजार, पण प्रत्येकाला हवं असलेलं वेगळं. तेरा भागांचे प्रत्येकी दोन ओळींचे सारांश लिहिता आले, आणि त्यातले कुठलेही दोन एकमेकांसारखे वाटले नाहीत, तरच टिपण लिहायला घ्या.

टिपण एका पानाचं. पहिल्या दोन वाक्यांत कार्यक्रम काय आहे ते यायला हवं : कोण, काय करतंय, प्रेक्षक शेवटपर्यंत का थांबेल. मग भागाची रचना. अर्ध्या तासाचा स्लॉट (वाहिनीवरची ठरलेली वेळ) म्हणजे अर्धा तास आशय नव्हे. जाहिराती आणि वाहिनीच्या स्वतःच्या प्रोमोंना मिळून तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे, त्यामुळे तुमच्या वाट्याला साधारण २२ ते २४ मिनिटं येतात, तीही दोन-तीन ब्रेकनी तुटलेली. प्रत्येक ब्रेकच्या आधी कोणता प्रश्न अर्धवट राहतो हे टिपणात दिसलं पाहिजे. सौद्याचा भाव शेवटच्या तुकड्यात, पावसाची भीती मधल्यात, ही सोपी मांडणी. त्यानंतर दोन-तीन खरी माणसं, प्रत्येकी तीन ओळींत. शेवटी स्लॉट, भागांची संख्या, भाषा आणि आपल्याला कशाची परवानगी मिळालेली आहे ते. 'महाराष्ट्राच्या समृद्ध कृषिपरंपरेचा वेध घेणारी' असली वाक्यं काढून टाका. त्यांतून वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही. आणि एक व्यवहाराची गोष्ट : मराठी वाहिनीसाठीसुद्धा पुष्कळदा डेक (कार्यक्रम मांडणारं सादरीकरण) इंग्रजीत मागतात, कारण खर्चाला मंजुरी देणारी माणसं मराठी वाचणारी असतीलच असं नाही. दोन्ही भाषांत लिहायची सवय करा, पण विचार मराठीत करा. पात्राच्या तोंडचं वाक्य आधी त्याच्या बोलीत टिपून ठेवलं नाही तर इंग्रजीत आणताना त्यातला जीव जातो.

माणसं शोधणं हा या कामाचा गाभा आहे, आणि सर्वात जास्त वेळ यालाच द्यावा असं माझं ठाम मत आहे. साधारण वीस जणांशी फोनवर बोललात की पाच-सहा जणांना भेटावंसं वाटतं, आणि त्यातून कॅमेऱ्यासमोर उभी राहतील अशी दोन मिळतात. सुरुवात सरपंच, बाजार समितीचे सचिव, कृषी सहायक, द्राक्ष बागायतदारांची संघटना यांच्यापासून करायला हरकत नाही, पण तिथे थांबू नका. ही माणसं कायम तीच चार नावं देतात : ज्यांना पुरस्कार मिळालेत, ज्यांनी आधी मुलाखती दिल्यात. त्यांची उत्तरं घोटून गुळगुळीत झालेली असतात. त्या चौघांना विचारा, 'तुमच्या शेजारच्या शेडवर कोण असतं?' हवं ते माणूस बहुधा तिथे सापडतं.

फोनवरची पहिली मुलाखत वीस ते तीस मिनिटांची ठेवा. मत विचारू नका, घटना विचारा. 'शेतकऱ्याची परिस्थिती कशी आहे?' याला भाषण मिळतं. 'गेल्या हंगामात पाऊस आला त्या रात्री शेडवर कोण होतं, काय केलंत?' याला गोष्ट मिळते. सांगताना माणूस वर्तमानकाळात शिरतो का, दुसऱ्याचे शब्द त्याच्या आवाजात सांगतो का, प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात संपवतो का, हे तिथल्या तिथे टिपा. तोच प्रश्न दोन-तीन दिवसांनी पुन्हा विचारा. तपशील बदलले तर सत्याची शंका घ्या, आणि शब्दन् शब्द तोच आला तर पाठांतराची. नोंदवहीत प्रत्येकासाठी नाव, गाव, कुणाकडून मिळाले, घरात कोण कोण, कोणत्या महिन्यात काय काम, कॅमेऱ्याला हरकत कुणाची, आणि शेवटचा फोन कधी, एवढे रकाने हवेतच. 'हरकत कुणाची' हा रकाना लोक विसरतात. शेतकरी तयार असतो, पण शेड भावकीच्या सामाईक जमिनीवर असते, आणि शूटच्या दिवशी चुलता फाटकात उभा राहतो.

काही विषयांत प्रवेश मिळणंच अवघड असतं. विटा-खानापूर-आटपाडी भागातली सोनं-चांदी गलाईवाली (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणारी) कुटुंबं देशभरच्या शहरांत पसरली आहेत, आणि त्यांच्यावर उत्तम मालिका होऊ शकते हे कुणालाही पटतं. पण दुकानात दुसऱ्याचं सोनं असतं. कॅमेरा भट्टीपर्यंत न्यायचा तर एकट्या दुकानदाराचा होकार पुरत नाही. अशा वेळी टिपणात 'प्रवेश मिळेल' असं लिहू नये. यात्रेला ही मंडळी गावी येतात तेव्हा समोरासमोर बोलावं, कुणा एकाचा लेखी होकार घ्यावा, आणि मगच कल्पना पुढे सरकवावी. प्रवेशाची खात्री नसलेली मोठी कल्पना विकली गेली तर संस्थेची पत जाते. डेव्हलपमेंटमध्ये यापेक्षा मोठं नुकसान नाही.

गावात शब्द फार जपून वापरा. 'तुमच्यावर कार्यक्रम करतोय' हे वाक्य तोंडातून कधीही काढू नये. ते संध्याकाळपर्यंत पूर्ण गावात होतं, पाहुण्यांना फोन जातात, आणि कार्यक्रम मंजूर झाला नाही की त्या माणसाला चारचौघांत ऐकून घ्यावं लागतं. 'आम्ही माहिती गोळा करतोय, कार्यक्रम होईल की नाही हे ठरलेलं नाही' एवढंच, आणि प्रत्येक फोनला पुन्हा.

दाव्यांची तपासणी एपीनेच करायची असते. 'आशियातली सर्वात मोठी बाजारपेठ', 'पहिली महिला', 'एकमेव गाव' हे शब्द दिसले की लाल खूण करा. दोन स्वतंत्र स्रोत मिळाले नाहीत तर वाक्य सौम्य करा किंवा काढा. ऐतिहासिक गोष्टींसाठी जिल्हा गॅझेटियर हाताशी ठेवा. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं यासारखी नोंद पक्की आहे, पण तिच्याभोवतीचे किस्से ज्याच्या त्याच्याकडे वेगळे असतात. नोंद आणि किस्सा वेगळ्या रंगात लिहायची शिस्त लावा.

आता पंचांग. या भागात काम करणाऱ्याचा हा खरा फायदा आहे, आणि मुंबईतल्या खोलीत नेमका हाच मुद्दा कुणाच्या लक्षात येत नाही. द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलच्या सुमारास, फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमारास, बेदाण्याच्या शेड भरतात फेब्रुवारी ते एप्रिल. म्हणजे वाहिनीनं मे महिन्यात होकार दिला तर पहिलं दृश्य नऊ महिने लांब. ऊस गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. कास पठारावरच्या फुलांचा बहर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. वाईजवळच्या बावधनची बगाड यात्रा रंगपंचमीला, वर्षातून एकच दिवस. कृष्णेला पाणी चढतं जुलै-ऑगस्टमध्ये, आणि २०१९ आणि २०२१ सारखं पाणी आलं तर सांगलीतलं कोणतंही वेळापत्रक टिकत नाही. म्हणून प्रत्येक कल्पनेबरोबर बारा महिन्यांची पट्टी जोडा : कुठल्या महिन्यात काय दिसतं, आणि तो महिना हुकला तर पर्याय काय. जे वर्षातून एकदाच घडतं ते मंजुरीची वाट न पाहता टेस्टरसाठी आधीच टिपून ठेवावं. एका दिवसाचा खर्च होतो खरा, पण नाहीतर पूर्ण वर्ष थांबावं लागतं.

टेस्टर दोन ते तीन मिनिटांचा, एका दिवसात शूट होणारा. त्यात कार्यक्रमाची सगळी माहिती कोंबायची नसते. माणूस बघावासा वाटतो का, एवढंच सिद्ध करायचं असतं. पहिल्या पंधरा सेकंदांत चेहरा आणि अडचण आली पाहिजे. ड्रोनच्या दृश्यानं सुरुवात करू नका, द्राक्षबाग वरून सगळ्यांची सारखीच दिसते. २५ फ्रेम्सवर शूट करत असाल तर शटर १/५० ठेवा, नाहीतर बाजार समितीच्या ट्यूबलाइट पडद्यावर लपलपतात. चित्र चांगल्या फोनवर भागतं, आवाज भागत नाही. सौद्याच्या गर्दीत बोली पुकारणाऱ्याला लेपल माइक (कपड्याला लावायचा छोटा माइक) लावा, वेगळा बूम (दांड्यावरचा माइक) व्यापाऱ्यांच्या बाजूला ठेवा, आणि शेवटी एक मिनिटभर फक्त जागेचा आवाज घ्या. तो नसला की एडिटमध्ये प्रत्येक कापाला कानाला ठेच लागते. १०० एमबीपीएसच्या फाइलला तासाला ४५ जीबी जागा लागते, त्या हिशेबानं कार्ड घेऊन जा, आणि गाव सोडण्याआधी दोन वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी करा. पार्श्वसंगीताला सिनेमाचं गाणं लावू नका. वाहिनीला ते आवडून बसतं आणि हक्कांची किंमत कळल्यावर पूर्ण टेस्टरच ओका वाटू लागतो.

संमतीपत्र मराठीत असावं, एका पानाचं : कशासाठी, कोणत्या माध्यमांत (टीव्ही, ओटीटी, सोशल मीडिया), किती काळ, मानधन आहे की नाही. सही करणाऱ्याला प्रत द्या. वाचता न येणाऱ्याला कॅमेरा चालू ठेवून वाचून दाखवा आणि साक्षीदाराची सही घ्या. चौदा वर्षांखालच्या मुलांना सहभागी करायचं असेल तर नियम कडक आहेत. २०१७ च्या नियमांनुसार निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि मुलाच्या उत्पन्नातले किमान २० टक्के त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवेत. जनावरांकडून काही करवून घ्यायचं असेल तर प्राणी कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी. कास किंवा कोयनेच्या परिसरात वन विभाग, किल्ल्यांवर पुरातत्त्व खातं, यार्डात बाजार समिती. यातल्या प्रत्येकाला लागणारे दिवस टिपणाच्या मागच्या पानावर लिहा.

खर्चाचा अंदाज एपीकडून कच्चा मागतात, पण कच्चा म्हणजे हवेतला नव्हे. दिवसांपासून सुरुवात करा. अशा नॉन-फिक्शनमध्ये (खऱ्या माणसांवरच्या कार्यक्रमांत) लहान युनिट दिवसाला पाच-सहा मिनिटं वापरता येण्याजोगं काम देतं, म्हणजे २२ मिनिटांच्या भागाला चार दिवस, तेरा भागांना ५२. दोन युनिट लावली तर २६. मग भूगोलानं गट पाडा : तासगाव-सांगली-मिरज एका फेरीत, लोणंद-फलटण-कोरेगाव दुसऱ्या. प्रत्येक मुक्काम बदलाचा अर्धा दिवस जातो, तो मोजा. एडिटला भागामागे पाच-सहा दिवस धरा. विसरली जाणारी कलमं नेहमी तीच : हार्ड डिस्क, विमा, सबटायटल, संगीताचे हक्क, जीएसटी, पावसानं वाया गेलेले दिवस. वर दहा टक्के अनपेक्षित खर्चाचे ठेवा आणि ते कुणी कापायला सांगितलं तर भागांची संख्या कमी करायचा पर्याय द्या, कारण ते पैसे लागतातच.

फिक्शनमध्ये, म्हणजे कथानक असलेल्या मालिकांत, गेलात तर पद्धत बदलते. तिथे वन-लाइन (कथेचा थोडक्यात आराखडा), पात्रांची टिपणं, पहिल्या काही महिन्यांचा ट्रॅक (कथानक कसं पुढे सरकेल ते) अशी कागदपत्रं लागतात, आणि कथा, पटकथा, संवाद अनेकदा वेगवेगळे लोक लिहितात. एपीनं साताऱ्याकडच्या घरातली आजी, सून आणि कॉलेजात जाणारा नातू वेगवेगळं कसं बोलतात याचे खरे ध्वनिमुद्रित नमुने संवादलेखकाला दिले तर ते सोन्याच्या मोलाचे ठरतात. सगळ्यांना एकाच ठेक्यात बोलायला लावलेली मालिका या जिल्ह्यांतल्या प्रेक्षकाला पहिल्याच आठवड्यात खोटी वाटते.

'कल्पना चोरतील का?' हेही नेहमी विचारतात. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली हे स्पष्ट केलं. संरक्षण मिळतं ते मांडणीला. म्हणून जितकं तपशीलवार लिहाल तितकं तुमचं. कथा-पटकथा स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवता येते. बैठकीनंतर त्याच दिवशी 'आज आपण अमुक विषयावर बोललो' असा ईमेल पाठवा. आणि हक्क लिहून देताना मुदत आणि प्रदेश वाचा. करारात उल्लेख नसेल तर कायदा पाच वर्षं आणि भारत एवढंच गृहीत धरतो, त्यामुळे संस्था 'कायमस्वरूपी, जगभर' असं घालतात. तुम्ही पगारी नोकरीत असाल तर तिथे केलेलं काम सहसा संस्थेचंच असतं. नोकरीआधीच्या तुमच्या कल्पनांची तारखेसह यादी रुजू होतानाच ईमेलने कळवून ठेवा.

मुलाखतीला नुसता बायोडेटा नेऊ नका. वेगवेगळ्या तीन स्लॉटसाठी तीन एकपानी टिपणं न्या, एका कल्पनेसाठी खऱ्या माणसांची नोंद (नावं आणि नंबर झाकून), आणि एक टेस्टर. त्या वाहिनीचं गेल्या महिन्याभराचं वेळापत्रक पाहून जा. बार्कचे (टीव्हीची प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेचे) आकडे आठवड्याला येतात, कोणता स्लॉट कमजोर आहे याचा अंदाज त्यावरून बांधता येतो, आणि तुमची कल्पना त्याच स्लॉटसाठी मांडलीत तर समोरचा पुढे सरकून बसतो. हेही माहीत असू द्या की मराठी वाहिन्यांवर नॉन-फिक्शनला जागा कमी आहे आणि त्यातली बरीचशी गाणं, विनोद, खेळ आणि स्वयंपाकाकडे जाते. वास्तवावरची कल्पना त्यामुळे खेळाच्या किंवा स्वयंपाकाच्या चौकटीतही बसते का, हे आधीच आजमावून ठेवा. मुलाखतीत अशी परीक्षाही होते : 'उद्या सकाळपर्यंत अशी तीन माणसं शोधून आण.' स्थानिक वाहिनीतल्या तुमच्या दोन वर्षांच्या ओळखी इथे कामाला येतात.

पगाराचं बोलणं निघालं की तीन गोष्टी लेखी घ्या. नेमणूक महिन्यांची की प्रकल्पाची. डेव्हलपमेंटमध्ये तीन महिन्यांचे करार सर्रास असतात. पैसे बिलानंतर किती दिवसांनी मिळणार. आणि तुम्ही विकसित केलेला कार्यक्रम मंजूर झाला तर निर्मितीत तुम्हाला कोणत्या पदावर घेणार आणि श्रेयनामावलीत नाव कोणत्या पदाखाली येणार. तिसरी गोष्ट मागायला संकोच वाटतो, पण एकदा वाहिनीचा होकार आला की ती मागायची वेळ निघून गेलेली असते.